खटका वाजतो, काना पडत नाही

‘भाऊ, काना गळतोय.’ इंदूरच्या जिल्हा न्यायालयाबाहेर शपथपत्रं टाइप करणाऱ्या एक ताई कीबोर्ड माझ्या दुरुस्तीच्या काउंटरवर ठेवून एवढंच म्हणाल्या. त्यांचं काम हिंदीत आणि कृतिदेव या फॉन्टमध्ये चालतं. कृतिदेवमध्ये काना इंग्रजी ‘के’च्या बटणावर असतो, म्हणजे उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. दिवसभरात सर्वांत जास्त मार खाणाऱ्या बटणांपैकी ते एक. ते चुकलं की ‘राम’चा ‘रम’ होतो, आणि ‘मारा’चं ‘मरा’ होतं. फौजदारी कागदात हा फरक किरकोळ नसतो.

आधीच्या कारागिराने फॉन्ट पुन्हा टाकला होता, यूएसबी कन्व्हर्टर बदलला होता आणि शेवटी बटणांच्या फटींतून तेलाचा फवारा मारला होता. फॉन्टचा दोष असेल तर काना दर वेळी चुकेल, अधूनमधून नाही. एवढा विचारही त्याने केला नाही. आणि कुठल्याही कीबोर्डात तेल मारणाऱ्याने निदान आधी तो उघडून तरी पाहावा.

कीबोर्ड आयबीएमचा मॉडेल एम. मागच्या चिकटपट्टीवर भाग क्रमांक 1391401, साल 1989. वजन दोन किलोंच्या वर. उचलून आडवा हलवला तर आत बारीक खडखड. मॉडेल एममध्ये ही खडखड ऐकू आली की निदान जवळपास झालंच: प्लास्टिकच्या रिव्हेटांची डोकी तुटून आत फिरताहेत.

आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर 1981 साली आलेल्या मॉडेल एफमध्ये स्प्रिंगांच्या वर आणि खाली दोन्हीकडे पोलादी पत्रे होते, एकमेकांत सरकवून अडकवलेले. खाली कपॅसिटिव्ह, म्हणजे धातूचे संपर्क न टेकता बटण ओळखणारा, सर्किट बोर्ड. बनवायला महाग. पुढे मॉडेल एममध्ये खर्च उतरवताना बोर्डाच्या जागी मेम्ब्रेन, म्हणजे संपर्क छापलेले पातळ प्लास्टिकचे थर, आले आणि वरचा पत्रा प्लास्टिकचा झाला. स्प्रिंगांच्या नळ्या याच प्लास्टिकच्या पाटात ओतलेल्या असतात. पाटाला खालून बारीक खुंट्या असतात. त्या मेम्ब्रेन आणि मागच्या पोलादी पत्र्यातून आरपार काढून त्यांची टोकं वितळवून चपटी केलेली असतात; हेच ते रिव्हेट. मागचा पत्रा मुद्दाम वाकवलेला असतो, बोटांना उतार मिळावा म्हणून. प्लास्टिकचा पाट त्या वाकावर ताणून धरायचं काम वर्षानुवर्षं या खुंट्यांकडे. प्लास्टिक ठिसूळ झालं, कीबोर्ड एकदा आपटला, की डोकी उडायला लागतात. कीकॅपवर, म्हणजे बटणांच्या टोप्यांवर, पीबीटीसारखं महाग प्लास्टिक घालणाऱ्यांनी पन्नासच्या वर जोड असे सोडावेत, याचा मला राग येतो.

कीकॅप मात्र बघत राहावेत असे. पीबीटी कठीण, सहज चकाकत नाही, एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकसारखं पिवळं पडत नाही. अक्षरं डाय-सब्लिमेशनची, म्हणजे रंग उष्णतेने प्लास्टिकच्या आत मुरवलेला. ताईंच्या ‘के’वर नख ओढलं तर वरचा थर सुटत नाही, कारण तिथे थरच नाही. दुसऱ्या कुठल्या जुन्या कीबोर्डाचे कीकॅप कशाचे हे ओळखायचं असेल तर मीठ विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात घाला आणि एक कीकॅप त्यात सोडा. एबीएस तरंगतं, पीबीटी बुडतं. बऱ्याच जुन्या कीबोर्डांत सगळे कीकॅप पांढरे आणि स्पेसबार तेवढा पिवळा दिसतो. पीबीटीची लांब पट्टी साच्यातून निघाल्यावर वाकते, म्हणून स्पेसबार एबीएसचा घालत.

उघडायला 5.5 मिलिमीटरचा नट ड्रायव्हर लागतो, तोही बारीक भिंतीचा, कारण चारही स्क्रू खोल अरुंद भोकांत असतात. जाड पाना घुसवला की कवच तडकतं. कीकॅप काढून कोमट साबणाच्या पाण्यात. मग सर्वांत महत्त्वाचं: पाट उपडा केल्याशिवाय मागचा पत्रा सोडवायचा नाही, नाहीतर सगळे हॅमर, म्हणजे स्प्रिंगांच्या तळाचे छोटे कलणारे तुकडे, स्प्रिंगांसकट बाहेर सांडतात.

पत्र्यामागे उरलेली डोकी धारदार पटाशीने छाटली. अर्धी शाबूत होती, तरी सगळीच काढली, कारण त्यांच्या जागी बोल्ट घालायचे होते. काही जागी बोल्ट आणि काही जागी जुनी खुंटी ठेवली तर ताण पुन्हा त्या खुंट्यांवरच येतो. पत्रा उचलल्यावर तेल दिसलं, रबरी चादरीवर पसरलेलं. नशीब, मेम्ब्रेनच्या थरांमध्ये गेलं नव्हतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवलं.

प्रत्येक खुंटीच्या मध्यभागी टोचणीने खूण करून 1.5 मिलिमीटरच्या ड्रिलने सावकाश भोक पाडायचं. वेग वाढवला की प्लास्टिक वितळून ड्रिलला चिकटतं. खूण नसेल तर ड्रिल घसरून शेजारच्या नळीत जातं. मग एम2 चे, म्हणजे 2 मिलिमीटर जाडीचे, 8 मिलिमीटर लांब, छोट्या डोक्याचे बोल्ट, पुढून आत, मागे नट. जुळणी उपडीच: नळ्यांत स्प्रिंगा, हॅमर, रबरी चादर, मेम्ब्रेन, पत्रा. बोल्ट मधून कडेकडे, सगळे आधी सैल, मग थोडे थोडे. एकच जागा जास्त आवळली तर तिथली बटणं आपोआप दाबली जातात.

दुरुस्ती झाली. डोक्यातून जात नाही ती वेगळीच गोष्ट.

या कीबोर्डात बटण दाबलं की स्प्रिंग एका क्षणी वाकून नळीच्या भिंतीवर आदळते, तो खटका. त्याच झटक्यात हॅमर कलतो आणि मेम्ब्रेन दाबतो. खटका आणि अक्षर ही एकच घटना. चेरी कंपनीच्या निळ्या स्विचमध्ये तसं नाही. तिथे खटका सरकत्या तुकड्याचा आणि संपर्क वेगळ्या पातीचा. म्हणून मॉडेल एमवर हात बसलेला टायपिस्ट पडद्याकडे बघत नाही. कागदावर नजर आणि कानाला खटका, एवढ्यावर त्याचा हिशेब चालतो, आणि यंत्र धड असेल तर तो बरोबरच असतो. ‘के’खालचे रिव्हेट गेल्यावर पाट पत्र्यापासून किंचित उचलला गेला. स्प्रिंग वाकत होती, खटका जरा भसाडा पण येत होता; हॅमर मात्र मेम्ब्रेनवर पुरेसा टेकत नव्हता. ताईंचा कान ज्या आवाजावर विसंबला होता, तोच खोटा पडला होता.

हे केव्हापासून चाललं होतं? रिव्हेट एकेक करून जातात, त्यामुळे पहिला काना कोणत्या कागदात गळला ते कीबोर्डावरून सांगता येत नाही. ताईंनी नेमकं तेच विचारलं. गेल्या काही महिन्यांच्या फाइली उघडून ‘मरा’ शोधा, एवढंच मी सांगू शकलो.

असा कीबोर्ड रोजच्या कामात असेल तर दर महिन्याला हलवून खडखड ऐका. मग रिकाम्या पानावर प्रत्येक बटण वीस वेळा हळू आणि वीस वेळा जोरात दाबा, आणि पडलेली अक्षरं मोजा. हळू दाबल्यावर एक जरी कमी भरलं, तरी ते बटण खटका कितीही स्वच्छ येवो, कामाला वापरू नका.