फोटोवरून नाव का सांगत नाही

फोटो पाहून बुरशीचं नाव का सांगत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पावसाळा लागला की बडोद्यातल्या निम्म्या ओळखीच्यांचे फोटो माझ्या फोनवर येतात. कमाटीबागेत, परसात, कुंडीत वाटीबुरशी (वाटीच्या आकाराची बुरशी) दिसली, नाव सांगा. मी म्हणते, यावरून नाही सांगता येणार. मग ऐकायचं: "फोटो एवढा स्पष्ट आहे, ताई! भाव खाताय."

सगळेच फोटो परत करत नाही हो मी. कुंडीतल्या करड्या पेल्यात चपट्या गोळ्या दिसल्या की ती सायथस, लांबूनसुद्धा. (ती खऱ्या वाटीबुरशांतली नाहीच, पण हा विषय काढला की घरचे उठून जातात.) केशरी चकती आणि कडेला पापण्यांसारखे काळपट केस असतील तर स्क्युटेलिनिया, एवढं गटाचं नाव म्हणते आणि थांबते. पुढची जात पापण्यांची लांबी, त्यांच्या बुडाला फाटे फुटलेत का, बीजाणूंचा आकार आणि त्यांच्यावरचे उंचवटे यांवर ठरते. फोटोत यातलं काय दिसतं?

जांबुघोड्याच्या एका नाल्याकाठी, ओल्या चिखलावर, अशीच एक केशरी सापडली होती. ब्लेडने पातळ काप काढला, पाण्याचा थेंब टाकला, कव्हरस्लिप काडीच्या टोकाने हलकी दाबली. लांब नळ्या, प्रत्येकीत आठ बीजाणू. काहींची टोकावरची झाकणं उघडून आतला माल बाहेर पडलेला. मोजायचे ते हे बाहेर पडलेलेच, कारण नळीतले कोवळे गुळगुळीत असतात आणि फसवतात. आयोडीनने टोक निळं झालं नाही, म्हणजे पेझायझा (वाटीबुरशांचाच दुसरा गट) नाही. कॉटन ब्लू या रंगद्रव्यात बीजाणू चक्क गोल दिसले, वर काटेरी उंचवटे.

एका मंडळाने पुस्तिकेसाठी तिचा फोटो मागितला. मी लिहून दिलं: "स्क्युटेलिनिया, जात ठरलेली नाही." छापून आलं "स्क्युटेलिनिया स्क्युटेलाटा", खाली माझं नाव. स्क्युटेलाटाचे बीजाणू लंबगोल असतात, आणि ती बहुधा कुजक्या लाकडावर येते. फोन केला तर संपादक काका हसले. "अहो, 'जात ठरलेली नाही' असं लोक वाचतात होय? आणि बीजाणू कोण मोजायला बसलंय?" मी बसले होते ना! दोन संध्याकाळी घालवल्या होत्या त्यावर. दुरुस्ती छापतो म्हणाले, छापली नाही. अजून लग्नाकार्यात कुणी ना कुणी भेटतं आणि "तुमची ती स्क्युटेलाटा" म्हणतं. मी घास गिळते, दुसरं काय करणार.

त्यानंतर बराच काळ मी फोटोंना कचरा म्हणायचे. खरं तर थोडं सुखही वाटायचं नकार देताना, ते नाकारत नाही. पण सुकल्यावर वाटीचा रंग उतरतो, ती चिखलावर होती की लाकडावर हे सुकवलेल्या नमुन्याच्या पाकिटातून कळत नाही, तेव्हा फोटोच कामी येतो. म्हणजे तेव्हाची मी चुकीची? तसंही म्हणवत नाही. फोटोला मान दिला की लगेच नाव मागायला लोक येतात. त्या चिखलातलीला आजही मी जात दिलेली नाही, आणि कधी देईन याची खात्री नाही.

तरी पाठवायचंच असेल तर वाटी जिवंत असतानाच ओल्या शेवाळात ठेवून डबीतून आणा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून नको. फोटो सोबत असू दे. आणि चिठ्ठीवर लिहा: माती, लाकूड की शेण.