पाहुणे नसले तरी चूल पेटते

"सुट्टीला झोपडीत राहायला जायचंय," असं सांगितल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे ते देणार की आपण?" त्यांचं बालपण संगमेश्वरकडच्या मातीच्या घरात गेलं. शेण गोळा करणं, सारवणं, पावसाळ्याआधी घर शाकारणं, या सगळ्याचा कंटाळा येऊन त्या लग्नानंतर ठाण्यात रमल्या. आणि आता नौपाड्यातला फ्लॅट सोडून पुन्हा तेच बघायला जायचं, तेही माणशी १२०० रुपये मोजून! तरी आल्या. मला वाटतं, चुका काढायलाच आल्या.

सकाळची कसारा लोकल पकडली की कल्याणनंतर बसायला मिळतं आणि टिटवाळ्यानंतर पाय पसरायला. उतरायचं आसनगावला. तालुक्याचं गाव शहापूर, पण स्टेशन आसनगाव. नवखा माणूस नकाशात शहापूर स्टेशन शोधत बसतो. वासिंद मागे पडलं की माहुली गडाचे सुळके दिसायला लागतात. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांचा वेढा पडला तेव्हा शहाजीराजे याच गडावर होते. हल्ली शनिवार-रविवारी ट्रेकवाल्यांचा वेढा असतो.

स्टेशनबाहेर झोपडीवाल्या दादांचा पुतण्या इको घेऊन उभा होता. शहापूर ओलांडून गाडी डोळखांबच्या रस्त्याला लागली आणि पाट्या सुरू झाल्या: प्लॉट, बंगलो प्लॉट, सेकंड होम, 'निसर्गाच्या कुशीत'. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तो याच तालुक्यातून जातो, त्यामुळे ज्या माळरानावर पूर्वी गुरंसुद्धा नाईलाजाने चरायची तिथेही आता तारेचं कुंपण दिसतं. काही ठिकाणी कॉटेज उभी आहेत: विटांच्या भिंतींना गेरूचा रंग, त्यावर पांढऱ्या रंगात वारली चित्रं, आत एसी. सासूबाई म्हणाल्या, "हे बरं दिसतंय, इथेच थांबूया का?"

डोळखांबच्या पुढे डेहणे गाव आणि समोर आजोबाचा डोंगर. सह्याद्रीची मुख्य भिंत इथे एकदम अंगावर येते. या डोंगरात वाल्मीकींचा आश्रम होता, सीता इथे राहिली आणि लव-कुश वाल्मीकींना आजोबा म्हणायचे म्हणून डोंगराचं नाव आजोबा, असं इथे मानतात. आम्ही गेलो तेव्हा जूनचा पहिला पाऊस होऊन गेला होता. खाचरांत राबाचे काळे चौकोन दिसत होते. पालापाचोळा भाजून तयार केलेल्या त्या जागेत भाताचं बी नुकतंच पेरलं होतं.

झोपडी वाडीच्या टोकाला. कुटुंब ठाकूर या आदिवासी समाजाचं. दादांना सरकारी योजनेतून घरकुल मिळालं, विटांचं, वर पत्रा. सगळे तिकडे राहायला गेले आणि जुनं घर मोकळं झालं. ते पाडायचं की ठेवायचं यावर घरात बरीच चर्चा झाली म्हणे. डोळखांबला कॉलेजात शिकणाऱ्या धाकट्या भावाने फोटो काढून इंटरनेटवर टाकले आणि महिन्याभरात पहिला पाहुणा आला.

आता घराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पैसे त्याचेच आहेत. भिंती कुडाच्या. म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या लावून आडव्या कांबींना बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताचा तूस कालवून लिंपायचं. कारवी हे सह्याद्रीतलं झुडूप सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतं आणि मग वाळतं. मेढी, म्हणजे आधाराचे खांब, सागाच्या, वर मंगळुरी कौलं. पुढे पडवी, आत एकच मोठी खोली, तिच्या कोपऱ्यात चूल. संडास-न्हाणी मागच्या बाजूला, सिमेंटची, नवी, कमोडसकट. कारण फोनवर येणारा पहिला प्रश्न तोच असतो, असं वहिनी म्हणाल्या. "शेताचं कोण काय इचारत न्हाय, ताई. संडास कसा हाय ते इचारतात."

अकराचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि झोपडीत गार होतं. दादांच्या आई, ज्यांना सगळी वाडी आजी म्हणते, त्या आमच्या आधीच आत येऊन बसल्या होत्या. मे महिन्यात त्या घरकुलात झोपतच नाहीत. पाहुणे आले की त्यांना उठावं लागतं. हे ऐकून मला ओशाळल्यासारखं झालं, पण आजींना त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. त्यांनी पदराने जमीन झटकली आणि सासूबाईंना जागा करून दिली.

सासूबाईंनी बसायच्या आधी जमिनीवरून हात फिरवला. मी श्वास रोखून उभी. "सारवण ताजं आहे," त्या म्हणाल्या, "पण चुलीत निखारे कसे? आम्ही तर आत्ता येतोय." खरंच, चूल गरम होती. आणि मग मला त्या झोपडीचा धंदा कळला.

कुडाचं घर रिकामं ठेवता येत नाही. रोजचा धूर वर गेला की वासे-कांबींवर काजळी बसते, कारवीला कीड लागत नाही, पावसाळ्यात ओल धरत नाही. महिनाभर बंद राहिलं की वाळवी चढते, उंदीर भिंत पोखरतात, लिंपण फुगून सुटतं. त्यामुळे पाहुणा असो नसो, वहिनी किंवा आजी रोज येऊन इथे चूल पेटवतात. घरकुलात गॅस आहे, पण भाकऱ्या इथेच थापल्या जातात. दर आठ-दहा दिवसांनी सारवण, पावसाळ्याआधी फुटकी कौलं बदलणं, दिवाळीच्या सुमारास भिंतींना नवा हात. शहरातून बुकिंग करणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला वाटतं, मातीचं घर आहे, खर्च तो काय? दादांनी हिशोब सांगितला तेव्हा सासूबाईच मान हलवत म्हणाल्या, "मग १२०० कमीच आहेत."

त्यातून पाहुणे शनिवार-रविवारचे. भात लावणीच्या, म्हणजे इकडच्या भाषेत आवणीच्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस चिखलात असतं आणि नेमके तेव्हाच हिरवाई बघायला लोक येतात. मे अखेरीस काजव्यांसाठी फोन खणखणतो, पण तेव्हा दादा बुकिंग घेत नाहीत. वाडीच्या विहिरीने एप्रिलमध्येच तळ गाठलेला असतो आणि टँकरच्या पाण्यातून पाहुण्यांच्या आंघोळीसाठी बादल्या काढायला त्यांना शेजाऱ्यांची लाज वाटते. या तालुक्यात तानसा धरण आहे, १८९२ पासून मुंबईला पाणी देणारं; भातसा आहे. आमची ठाणे महापालिकासुद्धा पिसे इथून भातसा नदीचंच पाणी उचलते. नौपाड्यात आमच्या नळाला येणारं पाणी ज्या तालुक्यातलं, तिथल्या वाडीवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. मी त्या दिवशी एका बादलीत आंघोळ उरकली. त्याने कुणाचं काही भलं झालं नाही, पण दुसरी बादली मागायला तोंड उघडेना.

ऑनलाइन अभिप्रायांचे किस्से भावाने रात्री पडवीत बसून सांगितले. कुणाला कोंबडा पहाटे चारला ओरडतो म्हणून दोन स्टार द्यावेसे वाटले. कुणी 'अस्सल अनुभव' म्हणून पाच दिले आणि जाताना कंदील उचलून नेला. ज्या साइटवर झोपडी टाकली होती तिचं कमिशन जड व्हायला लागलं, म्हणून आता फोनवरच बुकिंग घेतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. ती करायची यांच्या मनात आहे, पण सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं आहेत आणि त्यातले काही भिवंडीला गोदामांत कामाला. सह्या एकत्र घेता येत नाहीत.

मध्यंतरी ठाण्याचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले होते. जागा तुमची, पैसा माझा, अशा पाच झोपड्या बांधू, वर्षाला ठरलेली रक्कम घ्या, असा प्रस्ताव. दादांनी तलाठ्याकडे चौकशी केली. आदिवासींची जमीन राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय भाडेपट्ट्यानेही देता येत नाही; जमीन महसूल कायद्याचं ३६अ कलम आहे तसं. गृहस्थ म्हणाले, कागद न करता करू. दादांनी नकार दिला. मला यात कायद्याइतकाच तो रोजच्या धुराचा प्रश्न दिसतो. एका झोपडीची चूल पेटवायला दोन बाया लागतात, पाचांना पगारी माणसं ठेवावी लागतील, ती सोमवारी येणार नाहीत आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथे विटांच्या भिंती उभ्या राहून त्यांवर वारली चित्रं काढावी लागतील. रस्त्यात बघितलेली ती कॉटेज बहुधा अशीच झाली असावीत.

जेवणाचं सांगायलाच हवं. पहिल्या पावसानंतर जेमतेम काही दिवस मिळणारी शेवळं ही रानभाजी आजींनी सकाळी रानातून आणली होती. शेवळं खाजरी; काकड नावाच्या झाडाची फळं घालून शिजवली तरच घशाखाली उतरतात. वहिनींनी ती सुकट घालून केली, बरोबर तांदळाची भाकरी आणि उडदाची आमटी. सासूबाईंनी काकडं किती, कधी घालायची हे दोनदा विचारून घेतलं आणि नंतर दोन्ही म्हाताऱ्या सुनांच्या तक्रारींवर आल्या, तेव्हा मी काजवे बघायला बाहेर पडले. काजवे तुरळकच होते, हंगाम सरत आला होता.

जाणार असाल तर: आवणीच्या दिवसांत जाऊन पाहुणचाराची अपेक्षा ठेवू नका, ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यांनाच सोयीचं. डासांचं मलम न्या. मोबाइलला रेंज फक्त शाळेच्या कट्ट्यावर येते, म्हणून पैसे रोख न्या आणि सुटे न्या. रानभाजी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा, आजी पहाटेच रानात जातात. आणि आजी तुम्ही पोचल्यावर आत बसलेल्या असतील तर त्यांना उठवायची घाई करू नका. खोली मोठी आहे.