शिट्टी वाजण्याआधीची कामे

बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या परवाच्या स्पर्धेसाठी स्वयंसेवकांची शेवटची बैठक आज आटोपली. घरी आल्यावर खेळाडूंचे वैद्यकीय अर्ज पुन्हा काढून बसले आणि प्रत्येक गटप्रमुखाला लागेल तेवढाच मजकूर एकेका कार्डावर उतरवून काढला. बैठकीत एका नव्या स्वयंसेवकाने विचारले होते, "एवढी माहिती कशाला? प्रथमोपचाराची पेटी आणि रुग्णवाहिका असली म्हणजे पुरे नाही का?" प्रश्न प्रामाणिक होता. तिथे वेळेअभावी थोडक्यात उत्तर दिले. इथे ते सविस्तर लिहून ठेवते. आपल्याला काय होते आहे हे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूला प्रत्येक वेळी शब्दांत सांगता येईलच असे नाही. त्यामुळे त्रास ओळखण्याची जबाबदारी बघणाऱ्यावर येते आणि काय बघायचे हे त्याला आधीपासून ठाऊक नसेल, तर खेळाडू डोळ्यांसमोर असूनही त्याच्या लक्षात काही येत नाही. पाण्याची बाटली नाकारणारा, एकाएकी रागावलेला किंवा खाली बसून राहिलेला खेळाडू हट्ट करतो आहे असे समजणे फार सोपे असते. पुष्कळदा त्याला काहीतरी दुखत असते.

अपस्माराचेच, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराचेच घ्या. बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी साधारण पाचात एकाला अपस्मार असतो. म्हणजे शंभर खेळाडूंच्या मैदानावर एखाद्याला फिट येणे ही अनपेक्षित गोष्ट धरताच येत नाही, ती नियोजनातच धरली पाहिजे. काय करायचे ते स्वयंसेवकांना पाठ आहे: फिट सुरू झाल्याची वेळ बघायची, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचे, झटके थांबताच कुशीवर वळवायचे, हातपाय दाबून धरायचे नाहीत आणि तोंडात काहीही घालायचे नाही. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, शुद्ध येण्याआधी दुसरी आली किंवा श्वासाला अडथळा वाटला, तर लगेच रुग्णवाहिका. ज्या खेळाडूसाठी डॉक्टरांनी वेगळी सूचना लिहून दिली आहे, त्याच्या बाबतीत ती सूचना आधी.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली होती आणि ती एका खेळाडूनेच दाखवून दिली. तो बरीच वर्षे धावतो आहे आणि आता पंचांना मदत करतो. तो म्हणाला, "मला फिट येऊन गेली की सगळे माझ्याबद्दल बोलतात, माझ्याशी कोणी बोलत नाही." मग त्यानेच सांगितले की, शुद्धीवर येताना नावाने हाक मारावी, काय झाले ते दोन सोप्या वाक्यांत सांगावे, भोवतालची गर्दी हटवावी आणि कपडे ओले झाले असतील तर आधी पांघरूण घालावे. मी या चारही गोष्टी कार्डावर घेतल्या आहेत. खेळाडूंच्या सुरक्षिततेविषयीच्या बैठकीत खेळाडू बसलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जादा असण्याची स्थिती) असलेल्या खेळाडूंची काळजी वेगळी. मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा त्यांच्यापैकी काहींमध्ये सैल असतो. बहुतेकांना त्याचा कधीच त्रास होत नाही, पण मज्जारज्जूवर दाब येत असल्याची लक्षणे असतील, तर डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत मानेवर ताण आणणारे प्रकार टाळायचे असतात: उंच उडी, पोहण्यातला बटरफ्लाय, सूर मारून केलेली सुरुवात, फुटबॉलमध्ये डोक्याने चेंडू मारणे. म्हणून प्रशिक्षकांना आवर्जून विचारायचे की, गेल्या काही महिन्यांत याची चाल बदलली आहे का, हातातून वस्तू निसटतात का, मान एका बाजूला कलते का, लघवीवरचा ताबा कमी झाला आहे का. याखेरीज डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि कमाल श्रमातही त्यांच्या हृदयाचे ठोके इतरांइतके वाढत नाहीत. ते लवकर दमतात ते शरीराच्या या मर्यादेमुळे. असा खेळाडू थांबला, तर "अजून थोडे, अजून थोडे" असे ओरडणाऱ्याला मी हात धरून बाजूला घेईन.

उन्हाचा विचार औषधांच्या यादीवरून करायचा, हे अनेकांना नवीन वाटले. वर्तणुकीसाठी किंवा फिट येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी घाम कमी येतो, काहींनी शरीराचे तापमान नीट राखले जात नाही आणि लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले, तर रक्तातले त्या औषधाचे प्रमाण वाढते. तहान लागली आहे हे सांगण्याची वाट आपण बघत बसलो, तर उशीर होतो. त्यामुळे पाणी मागितल्यावर नाही, वेळापत्रकाप्रमाणे द्यायचे आणि दोन शर्यतींच्या मधला वेळ सावलीतच जाईल असे बघायचे.

माणसांची आकडेमोड मात्र सरळ आहे. चार खेळाडूंमागे किमान एक जबाबदार प्रौढ, हे स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या जागतिक क्रीडा चळवळीत, रूढ असलेले प्रमाण आम्ही पाळतो. जिथे गरज अधिक तिथे एकास एक. या चळवळीच्या संस्थापक युनिस केनेडी श्रायव्हर यांनी 1962 मध्ये आपल्या घराच्या आवारात पहिले शिबिर भरवले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक मुलामागे एक तरुण मदतनीस होता. 1968 मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या, त्या या सुरुवातीतून. संख्या पुरेशी असली तरी कोण कोणाच्या ताब्यात आहे हे ठरलेले नसेल, तर माणसे असूनही खेळाडू एकटा पडतो. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो एका स्वयंसेवकाकडून दुसऱ्याकडे जाताना: धावपट्टीवरून स्वच्छतागृहाकडे, तिथून पदकमंचाकडे. त्यामुळे "जा तिकडे" असे म्हणून कोणाला पाठवायचे नाही. पुढच्या माणसाने नाव घेऊन "आला" म्हणेपर्यंत आधीच्याची जबाबदारी संपत नाही. कोणीही प्रौढ कोणत्याही खेळाडूबरोबर आडोशाला एकटा राहणार नाही, हा नियम ओळखीच्या, जुन्या, अत्यंत विश्वासातल्या स्वयंसेवकांनाही तितकाच लागू आहे. कोणाला त्यात अविश्वास दिसला, तरी नियम तोच राहील. अंतिम रेषेवर खेळाडूंना मिठी मारण्याची हौस अनेकांना असते. ती मायेपोटी असते हे मला कळते, पण नको असलेला स्पर्श नाकारणे ज्याला अवघड जाते, त्याच्यापुढे हात पुढे करून थांबावे आणि त्याला टाळी द्यायची, मिठी मारायची की नुसते हसायचे हे त्याने ठरवावे.

गट पाडण्याचे काम कागदी वाटते, पण माझ्या दृष्टीने तेही सुरक्षिततेचेच काम आहे. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या पद्धतीप्रमाणे वय, लिंग आणि प्राथमिक फेरीतली कामगिरी बघून तीन ते आठ जणांचा गट करतात आणि गटातल्या सर्वांत वेगवान व सर्वांत संथ खेळाडूच्या कामगिरीतला फरक शक्यतो 15 टक्क्यांच्या आत ठेवतात. असे केले नाही, तर एखादा कुवतीबाहेर धावून कोसळतो, दुसरा मागे पडून मध्येच मैदान सोडतो आणि दोघांनाही खरी स्पर्धा मिळत नाही. प्राथमिक फेरीत मुद्दाम सावकाश धावायला लावणारा प्रशिक्षक या सगळ्यालाच सुरुंग लावतो. त्यासाठी पूर्ण प्रयत्नांचा, म्हणजे प्राथमिक फेरीतही मनापासून जोर लावण्याचा, नियम आहे आणि तो लावताना पंचांनी संकोच करू नये.

अंतिम रेषेचा सराव आज दोनदा करून घेतला. रेषा दिसली की तिथेच थांबायचे असा काही खेळाडूंचा समज असतो. ते रेषेच्या अलीकडे थबकतात आणि मागून येणारा त्यांच्यावर आदळतो. म्हणून हाक मारणारा स्वयंसेवक रेषेवर नाही, रेषेच्या दहा पावले पुढे, खेळाडूच्याच मार्गिकेच्या सरळ रेषेत उभा राहील. धावपट्टीवर कोणी पाऊल ठेवणार नाही. मार्गिका चुकली, बूट निघाला किंवा मागच्या मित्रासाठी कोणी थांबला, तरी बाहेरूनच नाव घेऊन हाक मारायची, कारण धावताना हात धरला की ती शर्यत त्या खेळाडूची राहत नाही. नव्या स्वयंसेवकांना हे फार जड जाते. पडलेल्याकडे धाव घेणे हा चांगल्या माणसाचा स्वभावच आहे. त्यांना एवढेच सांगितले की, दुखापत दिसली, तर पंच क्षणात हात वर करतील आणि मग वैद्यकीय पथक आत येईल. तसे नसेल, तर उठण्याचा मान त्या खेळाडूचा आहे.

सुरुवातीचे पिस्तूल वापरायचे नाही असे ठरले. त्या आवाजाने कानांवर हात ठेवून खाली बसणारे काही खेळाडू आहेत. शिट्टी आणि झेंडा दोन्ही एकाच वेळी, आणि सगळ्या प्रशिक्षकांना उद्याच्या सरावात हीच खूण वापरायला सांगितले आहे. परवा मैदानावर नवे काही शिकवायचे नाही.

आता राहिला निरोपाचा प्रश्न. पदके वाटून झाली की स्वयंसेवक सैलावतात, पालक आपापल्या वाहनांकडे वळतात, ध्वनिक्षेपक बंद होतो आणि माझ्या मते दिवसातला सर्वांत जोखमीचा अर्धा तास तिथे सुरू होतो. अर्जात ज्याचे नाव आहे त्याच्याच हाती खेळाडू सोपवायचा, सही घ्यायची आणि उरलेली औषधे परत करून मगच यादीत खूण करायची. शेवटच्या नावावर खूण होईपर्यंत फाटकावर दोघे जण आणि वैद्यकीय कक्षात एक परिचारिका थांबणार आहेत. फाटकावरच्या दोघांपैकी एक म्हणजे तो प्रश्न विचारणारा नवा स्वयंसेवक. त्याला यादी आणि सह्यांचे कागद उद्या दुपारी सरावाच्या वेळी द्यायचे आहेत.