नऊ नंबरचा पॉइंट

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस मी इंदापूर तालुक्यातल्या माळांवर फिरत होते. उपग्रहाच्या चित्रांवरून ज्या जागा ‘अवनत जमीन’, म्हणजे कस गेलेली, बिघडलेली जमीन, म्हणून निवडल्या गेल्या होत्या, तिथं प्रत्यक्ष जायचं, काय आहे ते बघायचं, फोटो काढायचे आणि मोबाईलमधला फॉर्म भरायचा, असं काम. मी वनस्पतिशास्त्राची. गवतं ओळखता येतात म्हणून मला यात घेतलं होतं. दिवसाला चौदा पॉइंट व्हायलाच हवेत, असं निघतानाच बजावलेलं होतं.

या चौदा पॉइंटांच्या पाठीमागे फार मोठा आकडा आहे. 2019 च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाला वाळवंटीकरणावरची संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा 2030 पर्यंत 2 कोटी 10 लाख हेक्टर जमीन सावरण्याचं आपलं वचन भारतानं 2 कोटी 60 लाख हेक्टरांवर नेलं. एवढी जमीन निवडायची तर हाताशी नकाशे हवेत, आणि ते आहेत. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं केलेल्या ॲटलासप्रमाणे 2018-19 मध्ये देशाची जवळजवळ 30 टक्के जमीन अवनत होती. पडीक जमिनींचा ॲटलास वेगळा, त्यात साडेपाच कोटी हेक्टरांच्या वर जमीन येते. मी रोज या नकाशांवर काम करते आणि ते करणाऱ्यांच्या कष्टांची मला कदर आहे. पण त्या तीन दिवसांतल्या एका दिवशी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सकाळचे आठ पॉइंट भराभर उरकले. दोन ठिकाणी मुरमाच्या खाणी निघाल्या, उभ्या कापलेल्या. एका ठिकाणी प्लॉटिंगचे पांढरे दगड रोवलेले. उरलेल्या ठिकाणी गाजरगवत, उकिरडे, ओघळींनी फाटलेली जमीन. नकाशा बरोबर होता.

नवव्या पॉइंटला गाडी लांब ठेवून दीड किलोमीटर चालत जावं लागलं. सोबत वनरक्षक होते. चढ संपला आणि समोर माळ उघडला. कमरेला लागेल एवढं गवत, पिकून सोनेरी झालेलं, मध्येच तांबूस झाक. दूर दूर उभे चार हिवर आणि एक बोर. पायवाटेच्या उघड्या मुरमावर धाविक पक्ष्यांची जोडी तुरुतुरु पळत गेली. मोबाईलवर मात्र या जागेला ‘खुली झुडपी पडीक’ असं नाव होतं.

मी एक मीटरची चौकट टाकली आणि गुडघ्यांवर बसले. शेडा, डोंगरी, मारवेल. शेड्याचे ठोंब इतके जुने, की बुंध्याशी मूठ आवळेना. गवताच्या आडोशाला विष्णुक्रांतेची निळी फुलं, टिकलीएवढी. एका चौकटीत सतरा जाती मोजल्या. पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि वीतभर माती, त्यावर सतरा जाती! मी दुसरी चौकट टाकली, मग तिसरी. आकडा फारसा हलला नाही.

“ताई, काय हरवलंय का?”

मागे एक म्हातारे धनगर उभे होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पलीकडे मेंढरं. गवत मोजतेय म्हटल्यावर ते शेजारी बसले आणि एकेका ठोंबावर बोट ठेवून बोलायला लागले. हा शेडा, याच्यावर मेंढरू धरतं. हा मारवेल, दूध चढतं. मी ज्याला बाजूला काढून ठेवलं होतं, त्या बारीक गवताचंही त्यांच्याकडे नाव होतं. लांडगा दिसतो का, असं वनरक्षकांनी विचारलं. “हाय की. पंधरा दिसांमागं कोकरू नेलं. त्याचंबी प्वाट हाय.” एवढं बोलून ते पुन्हा गवताकडे वळले.

मग ते मला म्हणाले, “हितलं बघितलंत. आता तिकडलं बघा.”

तिकडलं म्हणजे उताराचा पलीकडचा भाग. तिथं काही वर्षांपूर्वी पाणी अडवायला उताराला आडवे सलग समतल चर खोदून झाडं लावली होती. चर दोन फूट रुंद, दीड फूट खोल, ओळीनं उतारभर. काठावर मुरमाचे वरंबे. लावलेल्या झाडांतली उंदीरमारी तेवढी कुठं कुठं उभी होती, बाकी आळ्यांत वाळक्या काड्या. चरांच्या मधल्या पट्ट्यांत सगळं कुसळच कुसळ. मी चौकट टाकली तर सहा जाती.

एका चराच्या भिंतीशी मी थांबले. खोदताना शेड्याचा एक ठोंब मधोमध कापला गेला होता. अर्धा ठोंब वर काठावर, अजून हिरवा. त्याची मुळं भिंतीवरून खाली लोंबत होती, केसांच्या बटेसारखी. ती चराच्या तळापर्यंत आली होती आणि तळाच्या मुरमात शिरून आणखी खाली गेली होती. मी हात लावून पाहिला, जागची हलेनात. गवताळ माळाचा कार्बन बहुतेक जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वर वणवा गेला, मेंढरं चरून गेली, तरी तो तिथं राहतो. हे मी कितीदा वाचलं असेल, शिकवलंही असेल. पण आपण हवामान कराराखाली जी अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषण्याची हमी दिली आहे, ती वन आणि वृक्ष आच्छादनाच्या नावानं. त्यात या मुळांना खातं नाही.

त्या धनगर मामांनी एक मेंढी धरून आणली. तिच्या बरगडीवरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवली. कातडीत कुसळाची टोकं रुतली होती, भोवती लाल चट्टे. त्यांनी नखांनी एक उपसून माझ्या तळहातावर ठेवलं. टोक सुईसारखं, मागे पीळ पडलेली शेपटी. ओल लागली की हा पीळ सुटतो आणि टोक आत आत घुसत जातं. “चर मारल्यापासनं ह्यो तुकडा आमाला बंदच झाला बघा. कुणी बंदी घालायची गरजच न्हाई.”

माळावर रेंज येत होती. मी तिथूनच आमच्या समन्वयकांना फोन लावला. फॉर्ममध्ये जमिनीच्या प्रकाराची यादी होती. तीत ‘अवनत कुरण’ होतं, धडधाकट कुरण नव्हतं. कुठलाही प्रकार निवडला, की पुढच्या रकान्यात ‘रोपण’ आपोआप येई आणि तीन बाय तीन मीटरच्या हिशेबानं हेक्टरी 1,111 रोपं.

“जवळचं असेल ते निवडा,” ते म्हणाले. “अहो, पूर्वी तिथं जंगलच असणार. तोडलं, चरलं, म्हणून गवत उरलं.”

हा समज इतका रुजलेला आहे, की मी स्वतः पदवीला असताना परीक्षेत असंच लिहिलं होतं. मी त्यांना सांगितलं, की 2025 मध्ये नेर्लेकर आणि पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोकगीतांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ किमान 750 वर्षांपूर्वीही माळच होते, असं दिसलं. बाभूळ, हिवर या काटेरी, विरळ झाडीच्या जाती तेव्हाच्या लिखाणात आहेत. म्हणजे आपण ज्याला उजाड समजतो, त्यावर यादवांच्या काळातली गुरंही चरली असतील. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “शेऱ्यात लिहा. मी वर पाठवतो. पण रकाना रिकामा ठेवू नका, सिस्टिम घेत नाही.”

मी एक पॉइंट होता त्याचे दोन केले. 9-अ, उभा माळ: मनाविरुद्ध ‘अवनत कुरण’ निवडलं आणि शेऱ्यात लिहिलं, ‘नैसर्गिक गवताळ माळ, सुस्थितीत. रोपण करू नये, चर खोदू नयेत, चराई चालू ठेवावी.’ 9-ब, चरांचा उतार: इथं दुरुस्ती हवी, हे मान्यच. पण काय करायचं, ते लिहिण्याआधी मामांना विचारलं. त्यांनी फार विचार न करता सांगितलं: वरंब्याचा मुरूम परत चरात ढकला, शेड्या-मारवेलाचं बी टाका, दोन पावसाळे मेंढरू आत सोडू नका. “आमी सोडत न्हाई. पर वरचा माळ उघडा ठेवा. दोनी बंद केलं तर आमी जायाचं कुठं?”

शब्द माझे, तरतूद त्यांची, अशा रीतीनं ते मी शेऱ्यात उतरवलं. जागा अपुरी पडली, म्हणून फोटोंच्या मथळ्यांतही लिहिलं. त्या दिवशी माझे नऊच पॉइंट झाले.

पुढे त्याचं काय झालं, असं मला बरेच जण विचारतात. 9-अ ‘फेरतपासणी’च्या यादीत गेला आणि अजून तिथंच आहे, रोपवाटिकेला रोपांची मागणी गेलेली नाही, एवढी खात्री करून घेतली आहे. फॉर्ममध्ये नवा प्रकार घालावा असं मी लेखी दिलंय. आमच्यातल्या आणखी दोघींनी त्यांच्या तालुक्यांतले असेच पॉइंट जोडून दिले. 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांसाठी दिलंय. त्या निमित्तानं तरी हा रकाना उघडेल म्हणून मी दर महिन्याला आठवण करते.

9-ब साठी मात्र वाट बघण्यासारखी स्थिती नव्हती. बी एकदा गळलं की वर्ष गेलं. निघताना मामांनी सांगितलंच होतं: “थोड्या दिसांत आमचा मेंढरांचा वाडा हलतो. त्याच्या आत या, बी कसं वरपायचं दावतो.” मी सुट्टी टाकून गेले. शेड्याची कणसं खालून वर बोटांत धरून ओढायची, पिकलेलं तेवढं हातात येतं, कच्चं दांड्यावर राहतं. त्यांची सून आणि मी दुपारपर्यंत दोन पोती भरली. वनरक्षकांनी ती चौकीच्या माळ्यावर, उंदरांपासून लांब, तुळईला टांगून ठेवली आहेत.