जहाजाआधी पोचलेलं पीठ

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत गेलेल्या ह्यूगनोंच्या, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांच्या, याद्या मी लावतोय. मागच्या वेळी लिहिलं होतं की ते गाडं अडलंय. अडलं होतं ते एका तारखेवर.

चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारं नांतचं फर्मान रद्द केलं आणि ह्यूगनो देशोधडीला लागले, इथवर सगळ्यांना ठाऊक आहेच. त्यांतले काहीशे जण १७०० मध्ये लंडनहून व्हर्जिनियाला निघाले. त्यांची जहाजं मी एकेक लावतोय. पहिलं ‘मेरी अँड अ‍ॅन’, २३ जुलै १७०० ला जेम्स नदीच्या मुखाशी लागलेलं. मग ‘पीटर अँड अँथनी’. त्याची यादी जेम्सटाउनची, २० सप्टेंबरची.

आणि मध्येच हाती लागली शिध्याची यादी. व्हर्जिनियातल्याच फॉलिंग क्रीकच्या गिरणीवाल्याने कोणाकोणाला दरमहा माणशी एक बुशेल (धान्याचं इंग्रजी माप) मक्याचं पीठ द्यायचं, त्यांची नावं. सुरुवात फेब्रुवारी १७०० पासून. माणसं जुलैत येणार आणि पीठ फेब्रुवारीत? दोन रविवार मी आधी येऊन गेलेलं एखादं जहाज धुंडाळत बसलो. असं जहाज नव्हतंच.

इंग्रजी अमलात १७५२ पर्यंत वर्ष बदलायचं २५ मार्चला. म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७०१ चा! ‘नॅसॉ’ जहाजाची ५ मार्चही तशीच, १७०१ ची. शिवाय फ्रान्समध्ये १५८२ पासूनच नवी (ग्रेगरियन) कालगणना, त्यामुळे तिकडचा कागद जोडताना दिवसही सरकतात. १७०० च्या मार्चपासून तर दहाऐवजी अकरा. शक आणि शुहूर सन (जुन्या मराठी कागदांवरचं वर्ष) जंत्रीत लावणारे तुम्ही हसाल. १९ फेब्रुवारी १६३० म्हणजे नव्या गणनेने १ मार्च, हे मीच लोकांना सांगत फिरतो, आणि इथे सपशेल फसलो.

आता याद्या शेजारी ठेवून नावं जुळवतोय. एक चूक त्यात सुधारली. ‘मेरी अँड अ‍ॅन’च्या यादीच्या मथळ्यातच फ्रेंचांबरोबर स्विस, जिनिव्हाकर, जर्मन आणि फ्लेमिश लोक आहेत, मी मात्र ‘फ्रेंच वाटत नाही’ म्हणून काही आडनावं गाळली होती. ती परत घेतली.

बायकांचं काय करावं कळत नाही. नवऱ्याचं नाव, पुढे नुसतं ‘सा फाम’, म्हणजे त्याची बायको. आपल्याकडे ‘कबिल्यासह’ लिहून मोकळे होत, तसंच. किंग विल्यम पॅरिशच्या, म्हणजे या लोकांच्या व्हर्जिनियातल्या चर्चच्या हद्दीच्या, बाप्तिस्म्याच्या नोंदींत आईचं नाव सापडतं, पण त्या १७२१ पासूनच्या. वीस वर्षांची खिंड आहे मध्ये. पुढचा मुक्काम तिथेच.