आल्बीची निळाई आणि आईची नीळ

आई तीन महिने आमच्याकडे तुलूजला राहून गेली, पॅरिस झालं, आयफेल टॉवर झाला, समुद्र झाला, पण वाईला परत गेल्यावर फोनवर ती विषय काढते तो आल्बीचाच. त्यामुळे म्हटलं हे नीट लिहूनच काढावं, कारण फ्रान्सला येणारी आपली मंडळी पॅरिस-नीस करून परत जातात आणि इकडे तार्न नदीच्या काठावरचं हे गाव बघायचं राहूनच जातं.

तुलूजहून ट्रेनने साधारण तासभर. आम्ही मुद्दाम जुलैतला शनिवार पकडला कारण शनिवारी सकाळी बाजार भरतो. स्टेशनवरून चालत निघालो आणि थोड्या वेळाने आई थांबलीच, म्हणाली "अगं, हे अख्खं गाव कौलांच्या रंगाचं आहे." खरंच आहे ते. पूल विटेचा, वाडे विटेचे आणि मधोमध सेंत सेसिल नावाचं प्रचंड मोठं कॅथेड्रल, तेही विटेचंच. १२८२ मध्ये बांधायला घेतलं आणि जवळजवळ दोनशे वर्षं काम चाललं. मनोरा ७८ मीटर उंच. बाहेरून बघितलं तर देऊळ वाटतच नाही, किल्ल्याचा बुरूज वाटतो, खिडक्या एवढ्याश्या आणि भिंती सरळ वर गेलेल्या. त्यालाही कारण आहे. या भागात कॅथर नावाचा पंथ होता, तेही ख्रिस्तालाच मानणारे पण पोपचं चर्च न मानणारे, त्यांच्याविरुद्ध १२०९ ते १२२९ अशी वीस वर्षं लढाई झाली, गावंच्या गावं कापली गेली, आणि ते सगळं उरकल्यावर बिशपने हे उभं केलं, इथे सत्ता कोणाची ते लांबून दिसावं म्हणून. आईला हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

आणि मग आत गेलो. बाहेर रणरणतं ऊन, आत गारवा, आणि वर बघितलं तर निळं. अख्खं छत निळं आणि त्यावर सोनेरी नक्षी. १५०९ ते १५१२ या काळात इटलीहून आलेल्या चित्रकारांनी रंगवलंय आणि तेव्हापासून त्यावर पुन्हा हात फिरवलेला नाही म्हणतात, पाचशे वर्षांचा मूळ रंग. पश्चिमेच्या भिंतीवर त्याहून जुनं, शेवटच्या न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी देव पाप-पुण्याचा निवाडा करतो त्याचं, भलंमोठं चित्र आहे, खाली नरकात पाप्यांचे हाल, वर पुण्यवान लोक रांगेत. आई ते बारकाईने बघत होती आणि एकदम म्हणाली "न्याय करणारा देव कुठाय यात?" मी शोधायला लागले तर खरंच नाही. नंतर कळलं की सतराव्या शतकाच्या शेवटी मागे चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, करायला तिथली भिंतच फोडली आणि मधला ख्रिस्त त्यात गेला. किती लोक ते चित्र बघून पुढे जातात, आईला पाच मिनिटांत दिसलं.

तुलूज-लोत्रेकचं म्युझियम शेजारीच बिशपच्या जुन्या राजवाड्यात आहे, तो चित्रकार मूळचा इथलाच, १८६४ चा जन्म. छत्तिसाव्या वर्षी गेला, आणि त्याची चित्रं गावाला मिळाली त्यात त्याच्या आईचा मोठा वाटा. हे ऐकल्यावर आईने चित्रांपेक्षा त्या माउलीचं पोर्ट्रेटच जास्त वेळ बघितलं.

आता जेवण. पहिल्या ठिकाणी दोनला पाच मिनिटं असताना गेलो तर किचन बंद म्हणाले, आई उन्हाने दमली होती, मला फार वाईट वाटलं. इकडे येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, साडेबाराला जेवायला बसा. पुढच्या गल्लीत एका छोट्या खानावळीतल्या बाईंनी मात्र आईकडे बघून लगेच खुर्ची ओढली. इथलं खाणं बदकाचं, डुकराचं, मुळ्यासोबत खारवलेली कलेजी ही आल्बीची खासियत, आणि आई अंडं खाते पण मटण-मासे नाही. तर त्या बाईंनी गुलाबी लसणाचं सूप दिलं. जवळच्या लोत्रेक गावचा हा लसूण, पाकळीवरचं साल गुलाबी. लसूण पाण्यात उकळायचा, बारीक शेवया टाकायच्या, आणि शेवटी अंडं नि मोहरीचं मेयोनेझ त्यात फेटून सोडायचं. बस्स, एवढंच. आईने पहिला घोट घेतला आणि म्हणाली "फोडणी नाही तरी लसूण बोलतोय." सकाळी बाजारात आम्ही त्याची जुडी घेतलीच होती. या लसणाला मधोमध कडक दांडा येतो, त्यामुळे त्याची वेणी घालता येत नाही, म्हणून हाताने एकेक साफ करून गुच्छ बांधतात. विकणाऱ्या आजोबांची आणि आईची भाषा वेगळी, पण लसूण दाबून बघायची पद्धत अगदी एक.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. आल्बीतले श्रीमंत वाडे, उदाहरणार्थ रेनेस नावाच्या व्यापाऱ्याचा, हे निळ्या रंगाच्या पैशावर उभे राहिलेत. पास्तेल नावाचं पिवळ्या फुलांचं झाड, त्याची पानं दळून हाताने गोळे वळायचे, वाळवायचे, मग पुन्हा फोडून आंबवायचे आणि त्यातून निळा रंग. पंधराव्या-सोळाव्या शतकात या मुलखाने त्यावर सोनं कमावलं. मग धर्मयुद्धं आली, पिकं बुडाली, आणि समुद्रमार्गे एक जास्त जोरकस निळा रंग येऊन धडकला. आपली नीळ! हिंदुस्थानातून. पास्तेलवाल्यांना वाचवायला राजा चौथ्या हेन्रीने १६०९ मध्ये नीळ वापरणाऱ्याला मृत्युदंडाचा हुकूम काढला, तरी नीळ थांबली नाही.

एका छोट्या कारखान्यात अजून पास्तेलने कापड रंगवतात, तिथे गेलो. त्या मुलीने पातेल्यातून पांढरा रुमाल बाहेर काढला तो पिवळट हिरवा, आई म्हणाली फसला वाटतं, आणि बघता बघता हवा लागली तशी कडेपासून निळाई चढत गेली, दोन-तीन मिनिटांत पूर्ण निळा. ती मुलगी म्हणाली पास्तेल काय आणि तुमची नीळ काय, आतला रंग एकच, झाडं वेगळी. मी हे मराठीत सांगितलं आणि आईने ओला रुमाल हातात घेतला. घरी पांढरे कपडे धुताना घालतात ती नीळ आज कारखान्यातली असते हे तिलाही ठाऊक आहे, पण ती म्हणाली "आमच्या आजीच्या तोंडी होतं, निळीच्या शेताबद्दल, मी कधी विचारलंच नाही तिला नीट."

संध्याकाळी जुन्या पुलावर उभ्या होतो, जवळपास हजार वर्षांचा पूल, अजून वापरात. खाली तार्न, पाण्यात अख्खं लाल गाव उलटं पडलेलं. आई वाकून वाकून बघत होती. "एवढी सुंदर नदी आणि घाट नाही गं बांधला यांनी," म्हणाली, "पाण्याला पाय कसे लावायचे?" मग आम्ही काठाची पायवाट शोधून खाली उतरलो, तिने चपला काढल्या, पाय बुडवले, आणि पदरात गुंडाळलेला तो रुमाल काढून पाण्यात हलकेच खळबळून घेतला. रंग गेला नाही.