उशिरा आलेल्याला आधी वर्गात घ्या

संपादकांनी शाळेच्या आठवणी मागितल्या आहेत. त्या बाकीचे सवंगडी लिहितीलच. मी पुढं मास्तरकीच केली, म्हणून शाळेत नव्यानं रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी थोडं कामाचं लिहितो.

पावसाळ्यात पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं की साकवापलीकडच्या (छोट्या पुलापलीकडच्या) वाडीतली पोरं पहिल्या तासाला चुकतात. अशा पोराला दारात उभं करून जाब विचारला, तर तो तास त्याच्या डोक्यात शिरतच नाही. ‘आलास? बस, वही काढ’ एवढं पुरतं. कारण मधल्या सुट्टीत, एकट्याला विचारावं. पाऊस नसतानाही आठवड्यात तीनदा उशीर झाला, तर बहुधा घरात काहीतरी बिनसलेलं असतं. तिथं दंड चालत नाही, घरी जावं लागतं.

आपल्या कोकणात मुलांची वर्तणूक बरीचशी पंचांगावर चालते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, तेव्हा बंदरावरच्या घरांत पैशांची ओढाताण. नारळी पौर्णिमा झाली की तीच मुलं पहाटे जेटीवर आणि दुपारी बाकावर डुलक्या. गणपतीला आलेला बाप मुंबईला परतला की कुणी गप्प होतं, कुणी मारामाऱ्या करतं. त्या आठवड्यात चाचणी ठेवू नये, हे मुख्याध्यापकांना पटवणं मात्र कठीण!

ओळख आपोआप होईल यावर विसंबू नका. जुलैअखेर वर्गाचा पट शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावा. ज्या मुलाशी अभ्यासाव्यतिरिक्त काही बोलणं झालंय, त्याच्या नावापुढं प्रत्येकानं टिकली लावायची. खोडकरांपुढं टिकल्या भरपूर दिसतात. कोऱ्या राहतात त्या मधल्या बाकांवरच्या, कधी त्रास न देणाऱ्या मुली. कोरी नावं वाटून घ्या, एकाकडं तीन-चारच. मग रोज दोन मिनिटं, सलग दहा शाळेचे दिवस, त्या मुलाशी गप्पा: म्हैस व्याली का, कबड्डीत कुठं खेळतोस. हे फसतं ते तिसऱ्या दिवशी उपदेश सुरू झाला की, किंवा वर्गासमोर केलं की. सुटल्यावर थांबवूही नये, एसटी जाते. आणि मूल मालवणीत बोललं तर वाक्य दुरुस्त करू नका.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी बऱ्याच ठिकाणी गेली, टोमणे राहिले. ‘बापाचे पैसे फुकट घालवतोस’ हे वाक्य छडीपेक्षा जास्त दिवस दुखतं.

भांडण झालं तर आधी दोघांना वेगळं बसवा, पाणी द्या, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. मग एकेकट्याला विचारा: काय झालं, कुणाला त्रास झाला, आता काय केलंस तर भरून निघेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलाकडूनच यावं. ‘चल, सॉरी म्हण’ म्हणून वदवून घेतलेल्या माफीचा हिशोब एसटी स्टँडवर मारामारीनं चुकता होतो. मात्र मोठा मुलगा लहानाला रोज छळत असेल, तर ते भांडण नव्हे. त्यांना समोरासमोर बसवून समेट करायला गेलात, तर लहान मुलगा पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. तिथं मोठ्यावर नजर ठेवा, आणि लहानाची रोज चौकशी करा.

जवळीक वाढली की एखादं मूल भलतंच काही सांगेल, याची तयारी हवी. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, खोदून विचारू नका. त्याचेच शब्द लगेच लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरच्यांची अब्रू, शाळेचं नाव ही कारणं तिथं चालत नाहीत. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक चोवीस तास असतो, तो मुलांनाही पाठ करून द्या. आणि त्या मुलाचं नाव शिक्षकांच्या खोलीतल्या चहाबरोबर निघता कामा नये.